वाचक विचारतात : बँकॉकला चार दिवस जायचंय

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की या पानाकडं येणारे प्रश्न एकदम बदलतात. एरवी आंबोली, गोकाक धबधबा, फार तर गोवा, पण दिवाळीच्या सुट्टीसाठी यंदा जो तो बँकॉक विचारायलाय. भावकीतलं कुणीतरी जाऊन येतं, झोपलेल्या बुद्धासमोर उभारलेला फोटो स्टेटसला टाकतं आणि मग अख्ख्या गल्लीला वाटतं आपण पण जाऊ की. जावं की, काय हरकत नाही. फक्त पॅकेजच्या कागदावर जे लिहिलेलं असतं आणि तिथल्या उन्हात जे होतं त्यात बराच फरक आहे, म्हणून यावेळचं पान सगळं बँकॉकलाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम गाळलीत.

शहापूरहून एक अक्का : आम्ही पाच जण, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ६८, गुडघे दुखतात. एजंटनं चार रात्री पाच दिवसांचं पॅकेज दिलंय, दोन रात्री पटाया, दोन रात्री बँकॉक, त्यात कोरल आयलंड, सफारी वर्ल्ड, तीन मंदिरं, शॉपिंग सगळं बसवलंय. जमेल काय?

अक्का, तुम्हाला जमेल, मुलांना तर जमेलच, सासूबाईंना जमणार नाही आणि मग त्यांच्यामुळं तुम्हालाही जमणार नाही. पहिला दिवस कसा जातो ते बघा. विमान रात्रीचं, झोप नाही, पहाटे उतरायचं, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं, इमिग्रेशनची रांग, आणि तिथून लगेच बसमध्ये घालून साधारण सव्वाशे किलोमीटर पटाया. तिथं पोचलात तरी खोली बहुतेक हॉटेलात दुपारी दोनशिवाय देत नाहीत, म्हणजे सासूबाई लॉबीतल्या सोफ्यावर. दुसऱ्या दिवशी कोरल आयलंडला स्पीडबोट, ती लाटांवर आपटत जाते आणि चढता-उतरताना बऱ्याचदा पाण्यात पाय घालावा लागतो. गुडघेदुखीच्या माणसाला हे कशाला?

माझं स्पष्ट मत, चार रात्रीत पटाया घेऊच नका. चारही रात्री बँकॉकात एकाच हॉटेलात काढा आणि हॉटेल निवडताना स्विमिंग पूल, ब्रेकफास्ट वगैरे मागनं बघा, आधी बघा की बीटीएस म्हणजे वरनं जाणाऱ्या स्कायट्रेनच्या किंवा एमआरटी मेट्रोच्या स्टेशनपासून चालत किती मिनिटं. पाच-सात मिनिटांच्या वर असेल तर सोडून द्या. बँकॉकचं ट्रॅफिक संध्याकाळी असं तुंबतं की तीन किलोमीटरला तास लागू शकतो, ट्रेन त्याच्या डोक्यावरून निघून जाते. फया थाई किंवा राचथेवी स्टेशनजवळ राहिलात तर एअरपोर्टची ट्रेन पण जवळ पडते, सफान ताकसिन जवळ राहिलात तर नदीची बोट. नाना स्टेशनच्या आसपास भारतीय खाणावळी भरपूर आहेत म्हणून एजंट तिथंच टाकतात, पण रात्रीचे बार पण तिथंच, शाळेतली पोरं आणि सासूबाई घेऊन तिथं राहू नये असं मला वाटतं, जेवायला जाऊन या.

आणि दिवसाचं गणित हे ठेवा: सकाळी एक गोष्ट, दुपारी काही नाही, संध्याकाळी एक गोष्ट. बारा ते चार हॉटेलात किंवा मॉलमध्ये. उकाडा आपल्यासारखा कोरडा नसतो, अंगाला चिकटून बसतो, वारा नसतो, आणि माणूस दमलाय हे कळेपर्यंत चक्कर आलेली असते. ओआरएसची पाकिटं घरनं न्या.

सासूबाईंसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. विमान कंपनीला तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, दोन्हीकडं, लाज वाटून घेऊ नका, सुवर्णभूमी एअरपोर्टवर चालायचं अंतर भलतंच आहे. मंदिराला तिथं वाट म्हणतात, त्यातल्या वाट अरुणच्या, म्हणजे नदीकाठच्या त्या उंच मनोऱ्याच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत, त्यांनी खालीच बसावं, खालनंच ते छान दिसतं. तिथलं तिकीट २०० बाट (बाट म्हणजे तिथलं चलन). वाट फोमध्ये, जिथं ४६ मीटर लांबीचा झोपलेला बुद्ध आहे, तिथं पायऱ्या कमी, त्यांना तेच जास्त आवडेल, तिकीट ३००. स्टेशनच्या प्रत्येक जिन्याला लिफ्ट नसते, लिफ्टची खूण असलेलाच एक्झिट शोधायचा. आणि परत येताना इमिग्रेशन झालं की समोर समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे, मध्ये कासव, वर विष्णू, एका बाजूला देव आणि एका बाजूला दैत्य वासुकी ओढायलेत, तिथं सासूबाईंना दहा मिनिटं द्या, नातवंडांना गोष्ट सांगायला त्यांना मिळेल, ड्युटी फ्री नंतर बघा.

खानापूरहून एक वाचक : बेळगावातनं जायचं कसं? गोवा, बेंगळुरू की मुंबई?

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या एअरपोर्टवरनं, परदेशाचं विमान नाही, त्यामुळं कुठंतरी जावंच लागतं. बेंगळुरू आणि मुंबईहून थेट विमानं आहेत, साधारण चार-साडेचार तासांचा प्रवास. गोवा तुम्हाला अंतरानं जवळ आहे हे खरं, पण तिथनं त्या तारखेला थेट मिळतंय का बघा, नाहीतर गोव्यातनं दिल्ली आणि दिल्लीतनं बँकॉक असा उलटा वळसा पडतो, त्यात काय अर्थ नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. लोक स्वस्त पडतं म्हणून सांबरा ते बेंगळुरू एक तिकीट आणि बेंगळुरू ते बँकॉक दुसरं, असं वेगवेगळं काढतात. पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, तिकीट बुडालं. बॅगा पण बेंगळुरूत घेऊन पुन्हा टाकाव्या लागतात. एकाच बुकिंगमध्ये मिळालं तर घ्या, नाहीतर मध्ये भरपूर वेळ ठेवा. माणसं जास्त असतील तर वंदे भारतनं जा, ती पहाटे बेळगावातनं निघून दुपारी बेंगळुरूत पोचते, रात्रीच्या विमानाला भरपूर वेळ राहतो. राणी चेन्नम्मा एक्सप्रेस आहेच रात्रीची, तिनं गेलात तर दिवस काढायला कुणीतरी पाहुणे पायजेत. बेंगळुरूचं एअरपोर्ट शहराच्या पार बाहेर देवनहळ्ळीकडं आहे आणि संध्याकाळी हेब्बाळला अडकलात तर काय खरं नाही, मॅजेस्टिक बसस्टँडवरनं एअरपोर्टची वायुवज्र बस मिळते, पण दोन-अडीच तास धरूनच निघा.

अथणीहून एक शिक्षक : व्हिसा लागतो की नाही याबद्दल प्रत्येकजण वेगळं सांगतो. फॉर्म भरायचा म्हणतात तो कुठला? पैसे कसे न्यायचे?

सर, भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना थायलंडनं जुलै २०२४ पासून ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येऊ द्यायचं ठरवलं, तेव्हापासून सगळे निवांत झाले. पण असले नियम तिथलं सरकार वरचेवर फिरवतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी दिल्लीच्या थाई दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा, व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड बघून नको. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक असावा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून हातात ठेवा. काउंटरवरचा माणूस विचारेलच असं नाही, पण विचारला तर मोबाईलची बॅटरी संपलेली चालत नाही. जवळ पुरेसे पैसे आहेत का हेही विचारू शकतो.

फॉर्म म्हणजे टीडीएसी, डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५ पासून विमानात वाटायची ती कागदी चिठ्ठी गेली आणि हे आलं. उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, प्रत्येक माणसाचं वेगळं, लहान मुलांचं पण, आणि ते फुकट आहे. गूगलवर शोधलं की वर ज्या साइट येतात त्यातल्या कित्येक पैसे मागतात, हुबेहूब सरकारी दिसतात. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओ डॉट टीएच आहे का बघा, नसेल तर बंद करा.

पैशाचं असं आहे की एक बाट साधारण अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये धरा. आपलं फोनपे-गूगलपे तिथं चालेल असं समजून जाऊ नका. थोडे डॉलर कोऱ्या नोटांत, चुरगळलेली किंवा पेनानं लिहिलेली नोट बदलून देत नाहीत, बाकी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन भरून घ्यायचं बँकेचं कार्ड. डॉलर एअरपोर्टवर सगळे बदलू नका, पहिल्या दिवसापुरते बदला, शहरातल्या सुपररिच नावाच्या काउंटरवर दर जास्त बरा मिळतो, तिथं पासपोर्ट लागतो. एटीएमला परदेशी कार्ड घातलं की दरवेळी २२० बाटच्या आसपास कापतात, मग हजार काढा की दहा हजार काढा, म्हणून एकदाच काढायचे. आणि मशीन विचारतं, तुमच्या खात्यातनं रुपयांत कापू की बाटमध्ये? बाटच दाबा. रुपये दाबलं की मशीनवाली बँक स्वतःचा दर लावते आणि तो कधी आपल्या सोयीचा नसतो.

आपलं सिम काढून ठेवू नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. ई-सिम टाकता येणारा फोन असेल तर डेटा त्याच्यावर आणि आपलं सिम नुसतं मेसेजपुरतं चालू.

निपाणीहून एक वाचक : माझ्या मेहुण्याला एकानं सांगितलंय की टुरिस्ट म्हणून जा, तिथं पोचलं की कॉम्प्युटरवर डेटा एन्ट्रीचं काम लावतो, पगार लाखभर. पासपोर्टचा खर्च पण तोच करायलाय. पाठवावं काय?

नको. टुरिस्ट म्हणून गेलेल्या माणसाला तिथं काम करायला परवानगीच नाही, म्हणजे सुरुवातच बेकायदेशीर. आणि हा माणूस मेहुण्याला बँकॉकात ठेवणार नाही, एअरपोर्टवरनं गाडीत घालून थायलंडच्या पश्चिम टोकाला माए सोतला नेतील, नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी, तिथं कुंपणाच्या आत बसवून लोकांना ऑनलाइन फसवायचं काम करून घेतात, पासपोर्ट काढून घेतात, मारहाण होते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल जाहीर सूचना दिली होती, त्यानंतर कितीतरी भारतीय पोरांना सोडवून आणावं लागलंय. परदेशात नोकरी लावणारा एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर दिसतं, त्याला नोंदणी नंबर विचारा, बहुतेक त्यानंतर तो फोन उचलणार नाही.

याच्याच जोडीला एक. "तिकीट-हॉटेल फुकट, येताना फक्त एक बॅग आणून द्यायची" असं कुणी पोरांना सांगत असेल तर तीही तीच जात. बँकॉकहून गांजा घेऊन येताना मुंबई, बेंगळुरू एअरपोर्टवर माणसं सारखी पकडली जातात, तिथं दुकानात उघड दिसतो म्हणून इथं चालतो असं नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात अडकलं की जामीन सुद्धा अवघड. चेक-इनच्या रांगेत ओळख झालेल्या माणसाची पिशवी पण हातात घेऊ नका, कितीही गोड बोलू दे.

सदलग्याहून एक भगिनी : आम्ही जैन. कांदा-लसूण, कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही. बँकॉकात उपाशीच राहायचं काय?

उपाशी नाही राहणार ताई, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. तिकडं व्हेज म्हटलं की ते मान हलवतात, डोळ्यांसमोर कोबी-भोपळी मिरची परततात आणि शेवटी बाटलीतनं एक धार सोडतात, ती नाम प्ला, माशाचा सॉस. नाहीतर ऑयस्टर सॉस, शिंपल्याचा. त्यांच्या मते ते मीठच असतं, फसवायचा हेतू नसतो. कच्च्या पपईचं सोम ताम दिसायला अगदी आपली कोशिंबीर, पण त्यातही माशाचा सॉस आणि सुकी कोळंबी कुटलेली असते.

त्यांचा स्वतःचा एक शाकाहार मात्र आहे, "जे" म्हणतात. चिनी बौद्ध परंपरेतला. त्यात मांस, मासे, अंडी नाहीत, दूध पण नाही, आणि कांदा-लसूणही नाही. दुकानावर किंवा गाडीवर पिवळा झेंडा असतो आणि त्यावर लाल अक्षरात एक खूण, आपल्याला ती इंग्रजी सतराच्या आकड्यासारखी दिसते. ती दिसली की आत जायला हरकत नाही. पण दोन गोष्टी. एक, कंदमुळाचं त्यांना काही नाही, मुळा, गाजर, बटाटा, अळूचा कंद चालतो, मशरूम तर हमखास, ते तुम्हाला बोट दाखवून वगळावं लागेल. दुसरी, सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासनं केलेले तुकडे हुबेहूब मटणासारखे दिसतात, बदकासारखे पण करतात, पहिल्यांदा बघितलं की पोटात ढवळतं. असतं शाकाहारीच, पण नको वाटलं तर नका घेऊ. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा नऊ-दहा दिवसांचा जे उत्सव असतो, तेव्हा असे पिवळे झेंडे जागोजाग दिसतात, तारखा चिनी पंचांगाप्रमाणं सरकतात, तुमच्या वेळी पडतोय का बघा.

एका कागदावर हॉटेलातल्या माणसाकडनं थाई अक्षरांत लिहून घ्या की मांस, मासे, अंडं, माशाचा सॉस, ऑयस्टर सॉस, कांदा, लसूण, बटाटा, मशरूम नको. फोनमधल्या ट्रान्सलेटपेक्षा हा कागद जास्त चालतो कारण गाडीवरची मावशी तो हातात घेऊन नीट वाचते, आतल्या माणसाला ओरडून विचारते आणि जमत नसेल तर सरळ नाही म्हणते.

भारतीय जेवण पाहुरात भागात, म्हणजे तिथल्या लिटल इंडियात, कापडाच्या दुकानांच्या मध्ये मिळतं. तिथं सोन्याच्या घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे, श्री गुरु सिंग सभा, सकाळी लंगर असतो, डाळ-रोटी, पण कांदा-लसूण असू शकतो तेव्हा विचारून घ्या. एमआरटीचं साम योत स्टेशन तिथनं चालत जाण्यासारखं. प्रतुनाम आणि नाना भागात जैन थाळी देतो म्हणणारी हॉटेलं आहेत, आधी फोन करून जा. सूर्यास्त तिथं वर्षभर सहा-साडेसहाच्या आसपास, दिवाळीच्या वेळी तर सहाच्याही आत, आणि फिरण्याच्या नादात तो कधी होतो कळत नाही. पाच वाजता जेवायचं असं धरूनच संध्याकाळ आखा, नदीवर बोटीत बसायचं ते जेवल्यानंतर.

फळांची मात्र चंगळ आहे. आंबा नारळाच्या दुधातल्या चिकट भाताबरोबर देतात, त्यात दूध-अंडं काही नाही, तोंडात घातलं की सगळा शीण जातो. मँगोस्टीन, रामफळाच्या भावकीतलं सीताफळ, कापलेला पेरू. ड्युरियन हॉटेलच्या खोलीत नेऊ देत नाहीत, वास असा आहे की का ते विचारायची गरज पडत नाही. सेव्हन-इलेव्हन गल्लोगल्ली आहेत, पण तिथल्या पाव-बिस्किटांत, चिप्समध्ये पण डुकराची चरबी किंवा कोळंबीची पूड असू शकते, नुसतं पाकिटावरचं चित्र बघून घेऊ नका.

घरनं न्यायचं म्हणाल तर दशम्या, शेंगाचटणी, खाकरा, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा आणि गरम पाणी ओतून होणारा उपमा. सगळं चेक-इन बॅगेत, तेलकट लोणचं हातातल्या बॅगेत असलं की सिक्युरिटीला काढून ठेवावं लागतं आणि बरणीकडं बघत पुढं जावं लागतं. खोलीतल्या किटलीत नुसतं पाणीच गरम करा हं, आत शेवया शिजवून ठेवणारे आपलेच लोक असतात आणि मग पुढच्याला तो वास.

जांबोटीकडच्या एका वाचकाचा सवाल : जुलै-ऑगस्टचं पॅकेज निम्म्या दरात मिळतं. पावसाची आम्हाला काय भीती नाही.

तुम्हाला नसणारच, कणकुंबीचा पाऊस ज्यानं सोसलाय त्याला बँकॉकचा पाऊस म्हणजे शिपकावा. आपल्याकडं झड लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तिकडं सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर तास-दोन तास आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, मग पुन्हा उकाडा. मे ते ऑक्टोबर पावसाळा, त्यातला सप्टेंबर सगळ्यात जोराचा. सकाळी फिरून दुपारी आत बसायचं हे वर सांगितलेलं गणित पावसाळ्यात आपोआपच जमतं. त्रास पावसापेक्षा त्याच्यानंतरचा, गल्ल्यांत घोट्यापर्यंत पाणी, टॅक्सी मिळत नाही, ॲपवर भाडं दुप्पट. ट्रेन वरनं असल्यामुळं चालू राहते. त्या पाण्यात चप्पल घालून फिरू नका, आणि डेंगीचा डास दिवसा चावतो, तेव्हा मलम सकाळी लावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला, म्हणून महाग. जानेवारीपासनं पुढं धुराचं धुकं होतं, दम्याच्या माणसानं मास्क ठेवावा. एप्रिल नको, भट्टी असते, पण १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, अख्खं शहर एकमेकांवर पाणी ओततं, त्यासाठीच जायचं असेल तर मोबाईलला प्लास्टिकची पिशवी आणि मनाची तयारी दोन्ही ठेवा.

टिळकवाडीहून एक निवृत्त काका : टॅक्सी, टुकटुकवाले फसवतात म्हणतात, खरं काय?

खरं आहे, पण ठरलेल्या काही पद्धतींनीच फसवतात, त्या माहीत असल्या की झालं. सगळ्यात जुनी ही: तुम्ही ग्रँड पॅलेसच्या भिंतीकडनं चालला असता, एक नीटनेटका इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस हसत येतो, कुठनं आलात, इंडिया, व्हेरी गुड, आणि मग चेहरा पाडून सांगतो की पॅलेस आज बंद आहे, बौद्ध पूजा आहे, दुपारी दोनला उघडेल. तोवर हा टुकटुकवाला वीस बाटमध्ये तीन मंदिरं फिरवून आणेल. टुकटुक तिथंच उभी असते. एक मंदिर होतं आणि दुसरा स्टॉप रत्नांच्या दुकानाचा, तिसरा शिंप्याचा. तिथं तास जातो आणि वर पाच-दहा हजारांचा नीलम गळ्यात. पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत देतात, ५०० बाट. बंद आहे का ते गेटवरच्या गणवेशातल्या माणसाला विचारा, रस्त्यावरच्या कुणाला नको. आणि साडेआठलाच जा, दहानंतर तिथं ऊन आणि बसनं आलेली गर्दी दोन्ही एकदम येतात.

एअरपोर्टवर टॅक्सी पहिल्या मजल्यावर मिळते, तिथं पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. मशीनचं बटण दाबलं की चिठ्ठी येते, तिच्यावरच्या नंबरच्या लेनमधली गाडी तुमची. चिठ्ठी ड्रायव्हर मागेल, देऊ नका, तक्रार करायची वेळ आली तर त्याच्यावरनंच करता येते. मीटर ३५ बाटपासनं सुरू होतो, वर एअरपोर्टचे ५० आणि टोल तुमचा, हे रीतसर आहे. मीटर टाकणार नाही म्हणाला तर उतरा. पाच माणसं आणि पाच बॅगा साध्या टॅक्सीत बसत नाहीत, शहापूरच्या अक्कांनी पण हे वाचा, ग्रॅब ॲपवर मोठी गाडी मिळते. एकटं-दुकटं असाल तर सरळ एअरपोर्ट रेल लिंक, फया थाईपर्यंत ४५ बाट, अर्धा तास, पण मध्यरात्रीनंतर ती बंद आणि पहाटे साडेपाचला सुरू.

पॅलेस आणि वाट फोला जायला टुकटुकची गरजच नाही, एमआरटीचं सनाम चाय स्टेशन तिथं आहे. किंवा सफान ताकसिनला उतरून चाओ फ्रायाची केशरी झेंड्याची बोट घ्या, तिकीट १६ बाटच्या आसपास. शेजारीच निळ्या झेंड्याची टुरिस्ट बोट असते, तिचा माणूस मोठ्यानं हाका मारतो म्हणून लोक तिकडं वळतात, ती कितीतरी महाग. टुकटुकमध्ये एकदा हौसेनं बसा, रात्री थंडाव्याला, भाव आधी ठरवून.

काही झालंच तर टुरिस्ट पोलीस ११५५, इंग्रजीत बोलतात. ॲम्ब्युलन्स १६६९. भारतीय दूतावास सुखुमवित रस्त्याच्या सोई २३ मध्ये, सोई म्हणजे गल्ली.

गणपत गल्लीतून एक वाचक : तिकडं सोनं स्वस्त म्हणतात. लग्न आहे घरात, आणावं काय?

याओवारातला, म्हणजे चायनाटाउनला गेलात तर दोन्ही बाजूला लाल रंगाची सोन्याची दुकानंच दुकानं आहेत, बघायला मजा येते. पण थाई दागिन्याचं सोनं ९६.५ टक्के शुद्धतेचं, वजन ग्रॅमऐवजी बाटमध्ये (चलनाचंच नाव, पण हे वजनाचं माप), एक बाट दागिना म्हणजे १५.१६ ग्रॅम, आणि हिशेब आपल्या डोक्यात बसत नाही. मुख्य अडचण कस्टमची. ड्युटीशिवाय दागिने आणायची सवलत वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना आहे, चार दिवसाच्या पर्यटकाला नाही. ड्युटी भरून आणलं तर स्वस्त कुठलं राहिलं? आपल्या सराफ कट्ट्यावर घ्या, मोडायची वेळ आली तर तोच घेणार आहे. उलट बायकांनी अंगावर जास्त सोनं घालून जायचं असेल तर निघताना एअरपोर्टच्या कस्टमकडनं दाखला करून घ्यावा, म्हणजे येताना हे कुठनं घेतलं असा प्रश्न येत नाही. नाहीतर मंगळसूत्र सोडून बाकी घरीच ठेवा.

थोडक्यात उत्तरं

नऊवारी, सहावारी नेसून मंदिरात चालतं काय? चालतं. खांदे आणि गुडघे झाकलेले पायजेत, बिनबाह्यांचं ब्लाउज नको. अडवतात ते हाफ पँटवाल्या पुरुषांना, काका लोकांनी पायजमा घालावा. बौद्ध भिक्खूंना बायकांनी हात लावायचा नसतो, बुद्धाकडं पाय करून बसायचं नसतं, मुलं किती गोड असली तरी डोक्यावरनं हात फिरवू नका.

राजाबद्दल चेष्टा? अजिबात नको, खोलीत पण नको, फेसबुकवर तर नकोच. तिथल्या कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे उभारतात, आपणही उभारायचं.

गणपती-देवीचं दर्शन? सीलोम रस्त्यावर मरिअम्मनचं तमिळ पद्धतीचं देऊळ आहे, चित लोम स्टेशनखाली १९५६ सालचं चतुर्मुख ब्रह्माचं इरावान देवस्थान, आणि जवळच सेंट्रलवर्ल्ड मॉलपुढं गणपती, थाई पोरं-पोरी झेंडू घेऊन रांगेत असतात.

गुडघ्याला थाई मसाज करू काय? पायाचा हलका करा, वाट फोच्या आवारातच जुनी शाळा आहे. अंगावर चढून वाकवतात तो बीपीवाल्यांनी, ऑपरेशन झालेल्यांनी नको.

औषधं? डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, मूळ पाकिटासकट. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या-सिरपवर तिथं निर्बंध आहेत, दुखण्याच्या गोळ्यांत ते असतं, घरीच तपासा. ई-सिगारेट नेऊच नका, बंदी आहे.

चार्जर? आपली दोन गोल पिनची चालते, तीन जाड पिनची नाही, लॅपटॉप असेल तर ॲडॉप्टर इथनंच न्या.

खरेदीवर टॅक्स परत मिळतो काय? एका दुकानात एका दिवशी २,००० बाटच्या वर घेतलं आणि दुकानावर व्हॅट रिफंडची पाटी असेल तर फॉर्म तिथंच पासपोर्ट दाखवून भरून घ्यायचा, नंतर मिळत नाही. एअरपोर्टवर बॅग चेक-इन करायच्या आधी कस्टमच्या काउंटरला जा, माल बघायला मागू शकतात, आणि बॅग आत गेली असेल तर काय दाखवणार.